पत्त्यात कॅटी पण शहर नाही, मग रात्रीचा धिंगाणा बंद करायचा कोणी?

सकाळची_शिफ्ट:
मंडळी, जरा चिडूनच लिहितेय. आम्ही कॅटीला (टेक्सासमधे, ह्यूस्टनच्या शेजारचं शहर) राहतो असं सगळ्यांना सांगतो, पत्रंही कॅटीच्याच नावाने येतात, पण घर शहराच्या हद्दीत नाहीच. अनइनकॉर्पोरेटेड, कुठल्याच शहरात न मोडणारा काउंटीचा (जिल्ह्यासारखा विभाग) भाग. म्हणजे मेयर नाही, सिटी कौन्सिल नाही, पाणी मडचं (म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट), आणि गवत वाढलं की एचओएचं (घरमालकांच्या संघटनेचं) पत्र. घर घेताना हे भारी वाटलेलं कारण सिटीचा टॅक्स वाचतो. आता मागच्या घरी दर शुक्रवार-शनिवार पूलपाशी पार्टी, रात्री दीड-दोनपर्यंत, आणि बेस एवढा की आमच्या मांडणीवरचे पेले किणकिणतात, आणि मला शनिवारी सकाळी सातला हॉस्पिटलात हजर व्हायचं असतं.

तिसऱ्यांदा शेवटी डेप्युटीला (काउंटीच्या पोलिसाला) बोलावलं. बिचारा सभ्य होता. म्हणाला, मॅडम, टेक्सासच्या पीनल कोडमधे आकडा एकच आहे, 85 डेसिबल, तोही आधी पोलिसाने किंवा मॅजिस्ट्रेटने समज दिल्यावर परत ओलांडला तर. मग गुन्हा क्लास सी, म्हणजे सगळ्यात किरकोळ, दंड जास्तीत जास्त 500 डॉलर. समज दिली, आवाज उतरला, त्याची गाडी कोपऱ्यावर वळली आणि परत सुरू. आमच्या बेडरूमच्या खिडकीबाहेर फोनच्या अॅपवर 72. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने मी गाढ झोपलेली असायला हवी होती.

माझं म्हणणं एवढंच, काउंटीला रात्रीचा वेगळा आकडा ठरवायची पॉवर ऑस्टिनने (राज्याच्या विधिमंडळाने) द्यावी. ह्यूस्टन शहराच्या हद्दीत मर्यादा बरीच खाली आहे, रात्री आणखी खाली. आम्ही काय बहिरे आहोत?

ढोल_वाजणारच:
ताई, झोपेचं खोबरं झालं हे वाईटच. पण जरा पुढचा विचार करा. आपण शहर सोडून इथे कशाला आलो? गणपतीत बॅकयार्डमधे दोन ढोल एक ताशा वाजवला तर कोणी परमिट मागत नाही. ह्यूस्टन सिटीत फटाके उडवणं बेकायदा, आपल्याकडे चालतं (शाळा, चर्च, हॉस्पिटलपासून 600 फूट सोडून). 2023 पासून तर कमिशनर्स कोर्टाने (काउंटीच्या कारभारी मंडळाने) मंजुरी दिली तर दिवाळीला फटाके विकायचीही सोय झालीये, त्यासाठी आपल्याच लोकांनी खटपट केली. आता त्याच काउंटीच्या हातात डेसिबल मीटर दिला तर पहिला फोन कोणाच्या नावाने जाईल? पूलवाल्याच्या नाही. ते गाणं ओळखीचं असतं ना लोकांना. ताशा ओळखीचा नसतो.

सायप्रस_22वर्षं:
+1. आणि टेक्सासमधे काउंटी म्हणजे काही छोटी महानगरपालिका नव्हे, विधिमंडळाने जेवढं हातात दिलं तेवढंच करता येतं, बाकी शून्य. झोनिंगसुद्धा नाही. लोकांना तसंच हवंय. 1996 ला ह्यूस्टनने किंगवुड हे उपनगर आपल्यात ओढून घेतलं त्याचा राग लोक अजून काढतात, आणि 2019 च्या कायद्यानंतर तर रहिवाशांच्या संमतीशिवाय शहराला असं ओढता येत नाही. नियम पाहिजेत तर शहरात घर घ्या, सोपं आहे. नाहीतर एचओएला लिहा, त्यांच्या डीड रिस्ट्रिक्शन्समधे (घराच्या कागदपत्रांतल्या अटींमधे) न्युसन्सचं कलम असतंच.

सकाळची_शिफ्ट:
काका, विधिमंडळ देत नाही असं कुठंय, त्यांना वाटलं की देतात. सबडिव्हिजनमधे (घरांच्या वसाहतीत) 10 एकर किंवा लहान प्लॉटवर बंदूक उडवायला बंदी घालायची पॉवर काउंटीला दिलेलीच आहे. दुष्काळात काही फटाक्यांवर बंदी घालायचीही दिलीये. गोळीवर बंदी चालते तर सबवूफरवर का नको? आणि एचओए रात्री दीडला फोन उचलते का, पत्र पाठवेल तीन आठवड्यांनी, तेही आधी मलाच, की तुमच्या मेलबॉक्सचा रंग उडालाय.

जुना_साउंडवाला:
दोन्ही बाजूंना थोडा हिशेब सांगतो, हा माझा धंदा होता. ऑशाच्या (कामगार सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या) नियमाने आठ तासांची सरासरी 85 वर गेली की कंपनीला कामगारांची श्रवण चाचणी करावी लागते, इअरप्लग उपलब्ध करून द्यावे लागतात. म्हणजे कारखान्यात जिथे कान जपायला सुरुवात करतात तिथून टेक्सासमधे शेजाऱ्याला त्रास सुरू होतो! आणि हा 85 कुठे उभं राहून मोजायचा हे कायदा सांगतच नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण 6 डेसिबल उतरतात. समजा तुमची भिंत स्पीकरपासून 80 फुटांवर आहे, तर तिथे 85 यायला 10 फुटांवर 103 वाजवायला लागेल. एवढ्या आवाजात त्यांचे पाहुणेच उठून जातील.

आणि ढोलवाले दादा, तुमच्यासाठी: सगळीकडे मोजतात ते बहुधा डीबीए, म्हणजे कानाला जसं ऐकू येतं त्या हिशेबाने मोजलेले डेसिबल. त्यात साठेक हर्ट्झच्या बेसला जवळजवळ 26 डेसिबलची सूट मिळते. म्हणून अॅपवर 72 दिसतं आणि पेले मात्र किणकिणतात. उद्या 60 चा नियम आला तर ढोलाचा घुमा सुटेल, ताशाची तडतड सापडेल. नुसता आकडा खाली आणून पण भागणार नाही, बेस वेगळा मोजावा लागेल, आणि ते मीटर प्रत्येक डेप्युटीच्या गाडीत असेल असं वाटत नाही.

कोथरूडकर:
इथून वाचतोय आणि हसू येतंय. आमच्याकडे 2000 सालचे नियम आहेत, रहिवासी भागात दिवसा 55, रात्री 45, रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद, वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस 12 पर्यंत सवलत. कागदावर तुमच्यापेक्षा 40 डेसिबल शांत. या कधी विसर्जनाला.

सकाळची_शिफ्ट:
@कोथरूडकर मान्य, पण निदान दहा वाजले की फोन करणाऱ्याच्या बाजूने काहीतरी लिहिलेलं असतं ना. इथे मीच डेप्युटीला सॉरी म्हणाले!

ढोल_वाजणारच:
साउंडवाल्या काकांनी ताशाला अडकवलं 😀 बरं, खरं सांगायचं तर आमचं पथकही आता सबडिव्हिजनमधे प्रॅक्टिस करत नाही, एका गोडाऊनच्या मागच्या पार्किंगमधे करतो, रविवारी दुपारी. कोणी नियम केला म्हणून नाही, एका आजींनी येऊन सांगितलं की नातू दचकतो. पण म्हणूनच म्हणतोय, बोलून होतं. तुम्ही त्या शेजाऱ्याशी समोरासमोर बोललात का एकदा तरी, की थेट डेप्युटी?

सकाळची_शिफ्ट:
नाही बोलले. का ते सांगते, हसू नका. तुमच्याच पथकात आमचे हे ढोल बांधतात. मागच्या गणपतीत आमच्या बॅकयार्डला पाच ढोल होते, आरतीनंतर साडेअकरापर्यंत. तो मागचा माणूस कुंपणापाशी येऊन बघत उभा होता, मला वाटलं आता फोन करतो, तर त्याने नुसता अंगठा दाखवला आणि आत गेला. आता कुठल्या तोंडाने जाऊ?

सायप्रस_22वर्षं:
मोदक घेऊन जा.

सकाळची_शिफ्ट:
शुक्रवारी दीडला की शनिवारी दीडला?