टॉन्सिलजवळच्या गळूला मराठीत काय म्हणायचं?

छत्रीबागवाला: भाच्याच्या घशात पू झाला होता, आता बरा आहे. दवाखान्याचा कागद इंग्रजीत, तो पुण्याच्या आजीसाठी मराठीत करून पाठवला. "टॉन्सिलजवळ गळू" वाचून तिचा लगेच फोन, मानेवर कुठेशी आलंय, अळशीचं पोटीस बांधा. दुसरा शब्द सुचवा ना.

शब्दनिष्ठ: परिगिलायु-विद्रधी. टॉन्सिलला गिलायू, गळूला विद्रधी हे शब्द आहेत, वापरत नाही आपण एवढंच.

भियाजी: विद्रधी ऐकून आजी थेट महामृत्युंजय सुरू करेल हो! आणि सुश्रुतात गिलायू हा रोग आहे, घशात आवळ्याच्या बीएवढी गाठ. रोगाचं नाव अवयवाला चिकटवलं तर चालतं आणि आम्ही टॉन्सिल म्हटलं की भाषा बुडते?

शब्दनिष्ठ: रूढ झालाय तो अर्थ.

भियाजी: रूढ तर टॉन्सिलच झालाय की.

घसेवाली डॉक्टर: गळू बरोबर आहे, "घशाच्या आत" एवढं जोडा. "टॉन्सिल पिकला" मात्र नको, पू टॉन्सिलमध्ये नसतो, त्याचं आवरण आणि बाजूचा स्नायू यांच्या फटीत साठतो. म्हणून एका बाजूची टाळू फुगते, पडजीभ पलीकडे ढकलली जाते, त्याच बाजूचा कान ठणकतो, थुंकीही गिळवत नाही. सुईने ओढून पू आला की निदान झालं आणि निम्मा उपचारही, मग अँटिबायोटिक, लागली तर चीर. पू नाही आला तर नुसती सूज असेल किंवा सुई चुकली असेल, शंका असली की सीटी स्कॅन. सुई जपूनच, मागे बाहेरच्या अंगाला मेंदूकडे जाणारी मोठी धमनी आहे. पोटिसाने यातलं काही होत नाही, आजींना सांगा.

छत्रीबागवाला: तोंड उघडत नव्हतं त्याला मी "दातखीळ" लिहिलंय.

ग्वाल्हेरची काकू: अरे दातखीळ म्हणजे लोकांना धनुर्वात वाटतो, नाहीतर भूत बघितलं असं. जबडा धरला म्हण. आणि त्याचा आवाज कसा झाला होता?

घसेवाली डॉक्टर: पुस्तकात याला तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा आवाज म्हणतात.

ग्वाल्हेरची काकू: मराठीत सरळ तोबरा भरल्यासारखा.

शब्दनिष्ठ: तोबरा घोड्याचा. माणसाचा बोकाणा.

भियाजी: आमच्याकडे पानाचा तोबराच भरतात, इंदूरला राजवाड्यावर येऊन बघा. आणि गळू हा शब्द गळ्यावरूनच आला असणार, मग भांडण कसलं?

शब्दनिष्ठ: गळणे वरून असेल. पाठीवर येतं त्याचं काय करणार?

छत्रीबागवाला: बरं ते राहू द्या, आता टॉन्सिल काढायचे का?

घसेवाली डॉक्टर: पहिल्यांदाच झालंय तर बहुतेकदा नाही. पुन्हा पुन्हा झालं तर विचार करतात.

शब्दनिष्ठ: "काढणे" नको, गिलायुछेदन.

भियाजी: घ्या!