मदत हवी आहे : आईच्या खोलीतला कॅमेरा रात्री आपोआप वळला

नमस्कार मंडळी,

आईला अर्धांगवायू झाल्यापासून तिच्या खोलीत वायफायवर चालणारा, फिरणारा कॅमेरा लावला आहे. परवा सकाळी ती म्हणाली, "रात्री तो डोळा माझ्याकडे वळला गं." मला वाटलं, भास झाला असेल. पण ॲपमधल्या नोंदी पाहिल्या, तर रात्री २ वाजून १० मिनिटांनी कुणीतरी लॉगिन केलेलं. तेव्हा मी झोपले होते आणि पासवर्ड घरात दुसऱ्या कुणाकडेच नाही. तिच्यावर विश्वास ठेवला नाही, हे फार लागलंय मला.

कॅमेऱ्याची वायर लगेच काढली. शोधाशोध करताना मिराई नावाच्या घातक प्रोग्रामबद्दल (मालवेअर) वाचलं. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या वापरून त्याने लाखो कॅमेरे, राउटर ताब्यात घेतले होते. २१ ऑक्टोबर २०१६ला वेबसाइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणाऱ्या डिन कंपनीवर त्याच यंत्रांकडून बनावट विनंत्यांचा मारा झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अनेकांना उघडेनात. माझ्याही कॅमेऱ्यात तेच शिरलं असेल का? फॅक्टरी रीसेट केल्यावर तो पुन्हा लावू का? आईला एकटं ठेवणं शक्य नाही, म्हणून घाई आहे.

प्रतिसाद :
ताई, हे मिराईसारखं वाटत नाही. त्याला तुमच्या खोलीत काय दिसतं याच्याशी घेणंदेणं नसतं, त्याला फक्त मारा करायला यंत्र हवं असतं. शिवाय ते मेमरीत राहतं, कॅमेरा बंद करून चालू केला की जातं (पासवर्ड तोच राहिला तर काही मिनिटांत परतही येतं). तुमच्याकडे ॲपमध्ये लॉगिनची नोंद आहे, म्हणजे कुणीतरी तुमच्या खात्यातून रीतसर आत आलं. एखाद्या साइटवरून फुटलेले पासवर्ड दुसरीकडे लावून पाहणारे प्रोग्राम असतात, मला तोच संशय आहे. ॲपचा पासवर्ड आणखी कुठे वापरला आहे का?

धागाकर्ती :
हो. ईमेललाही तोच आहे.

प्रतिसाद :
मग कॅमेऱ्याचं नंतर बघा, आधी ईमेल. दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) चालू करा, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. रिकव्हरीचा नंबर तुमचाच आहे ना ते बघा, आणि मेल फॉरवर्डिंगची (आलेले मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवायची) सेटिंग नक्की उघडा, ती लोक विसरतात. नंतर ॲपचा वेगळा पासवर्ड ठेवा आणि 'शेअर केलेले युजर' तपासा. राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदला, यूपीएनपी (उपकरणांना राउटरमधून बाहेरची वाट आपोआप उघडू देणारी सोय) बंद करा, कॅमेरा गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे घरच्या फोन-कॉम्प्युटरपासून वेगळ्या वायफायवर टाका. कंपनी त्या मॉडेलला अपडेट देत नसेल, तर मात्र तो पुन्हा लावू नका.

धागाकर्ती :
फॉरवर्डिंगमध्ये एक अनोळखी पत्ता सापडला. मी टाकलेला नाही. त्याचा स्क्रीनशॉट घेऊन तो काढून टाकलाय. बँकेचे मेलही याच खात्यावर येतात, म्हणून आता आधी बँकेला फोन लावते. त्यांना नेमकं काय काय सांगू?