शिवालिक खडकांतील चुंबकीय दिशा: दाबाची की नदीच्या प्रवाहाची? मदत हवी आहे

नमस्कार. डेहराडूनच्या दक्षिणेकडील मोहंड भागातल्या शिवालिक वालुकाश्मांवर आणि मडस्टोनवर (चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकावर) मी एएमएस पद्धतीने, म्हणजे चुंबकीय ग्रहणशीलता (चुंबकीय क्षेत्रात खडक किती चुंबकित होतो ते) दिशेनुसार किती बदलते हे मोजून, काम करीत आहे. बहुतेक नमुन्यांत किमान अक्ष (ग्रहणशीलता सर्वांत कमी असलेली दिशा) थराला लंब येतो, जे गाळ साचून दबल्यामुळे अपेक्षितच आहे. मात्र कमाल अक्ष (ती सर्वांत जास्त असलेल्या दिशा) वायव्य-आग्नेय दिशेत एकवटतात आणि काही मडस्टोनमध्ये किमान अक्ष त्या दिशेला काटकोनात असलेल्या पट्ट्यात पसरू लागले आहेत.

हिमालयाच्या पायथ्याशी आकुंचन ईशान्य-नैऋत्य असल्यामुळे, हा ठसा थर कलण्यापूर्वी थरांना समांतर पडलेल्या दाबाचा मानण्याचा मोह होतो. अडचण अशी की पर्वताकडून नैऋत्येला वाहणाऱ्या जोरदार प्रवाहात लांबट कण आडवे लोळतात, त्यामुळे नदीनेही कमाल अक्ष नेमका त्याच दिशेला आणलेला असू शकतो. वालुकाश्मांबाबत तर मला हाच संशय अधिक आहे.

तेव्हा वालुकाश्म वगळून केवळ मडस्टोनवर निष्कर्ष काढणे योग्य ठरेल का? चिकणमातीच्या खनिजांचा वाटा वेगळा दिसावा म्हणून द्रव नायट्रोजनमध्ये 77 केल्विनपर्यंत नमुने थंड करून मोजण्याचा विचार आहे, कारण त्या तापमानाला त्यांची ग्रहणशीलता जवळपास चौपट होते. पण हे ठिसूळ नमुने तडकू नयेत यासाठी कोणती काळजी घ्यावी? शिवाय हेमॅटाइट हे लोहखनिज प्रत्यावर्ती (दिशा सतत उलटसुलट होणाऱ्या) चुंबकीय क्षेत्राला सहसा दाद देत नसल्याने, त्याची दिशा स्वतंत्रपणे कशी मोजावी, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.