व्यसनमुक्ती केंद्रात कुत्रा: घाई नको
भाऊ, ‘केंद्रात गल्लीतलाच एखादा गोड कुत्रा ठेवा’ ही तुमची सूचना प्रेमाची आहे, पण जरा थांबा. दारू सुटल्यावर पहिले काही दिवस हात थरथरतात, कुणाला भास होतात, कुणाला फिट येते. तेव्हा डॉक्टर आणि औषधंच हवीत. कुत्रा त्यानंतर, तोही शांत स्वभावाचा, रेबीजची लस घेतलेला आणि सोबत त्याचा माणूस. २०१९ च्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासात १० मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळल्यावर कॉर्टिसॉल (ताण आला की वाढणारं हार्मोन) घटलं, पण कुरवाळणारे कॉलेजचे विद्यार्थी होते, व्यसन सोडणारे रुग्ण नव्हेत. हो, कुत्रा ‘परत प्यायलास का?’ विचारत नाही, हे मोठंच. फक्त आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ वर गेला की बिचाऱ्या लॅब्राडॉरलाच कूलरसमोर बसवावं लागेल! म्हणून कुत्र्याच्या भेटी सकाळी लवकरच ठेवा.