सल्ला हवा: सिनेमा घडतानाचा स्वप्नासारखा माहितीपट, वाडीतल्या खेळासाठी

गिरगावकर: वाडीच्या हॉलमध्ये शनिवारी रात्री खेळ लावायचाय. तीस-पस्तीस माणसं. चित्रपट बनतानाचा माहितीपट हवा, मुलाखतींचा नको, स्वप्नात असल्यासारखा. प्रोजेक्टर-स्पीकरचं भाडं धरून बजेट २,००० रुपये.

रीळवेडा: डोळे मिटून ‘क्वादेकुक, वांपिर’! दिग्दर्शक पेरे पोर्ताबेला, स्पेन. हेसूस फ्रँको हा दुसरा दिग्दर्शक नट ख्रिस्तोफर लीला घेऊन ड्रॅक्युलाचा सिनेमा करत होता, त्याच सेटवर पोर्ताबेलांनी आपला कॅमेरा लावला. कृष्णधवल, चेहरे पांढरेफटक. संवाद काढून टाकलेत, चित्र जुन्या काळाचं आणि आवाज जेट विमानाचा. मध्येच कामगार पंख्याने कोळिष्टकं उडवताना दिसतात, तरी भीती जात नाही!

लख्खपडदा: भाड्याच्या भानगडीत पडू नका. मी ४५ हजारांचा प्रोजेक्टर घेतला, काय चित्र दिसतं! भाड्याचा आणला होता तो ऐन मध्यंतरात बंद पडला, दुकानदार फोन उचलेना.

अंधेरीकर: संवादाशिवाय लोक बसणार नाहीत. ‘हार्ट्स ऑफ डार्कनेस’ (१९९१) लावा. दिग्दर्शक कपोला फिलिपिन्समध्ये ‘अपोकॅलिप्स नाऊ’ करत होता, त्यावरचा माहितीपट. वादळात सेट गेले, नट मार्टिन शीनला हार्ट अटॅक आला.

दादरकरीण: गिरगावात राहून स्पेन कशाला? ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली तिथेच कोरोनेशनला लागला. फाळक्यांनी तो कसा बनवला त्यावरचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावा.

रीळवेडा: ताई, तो माहितीपट नाही. फाळक्यांनी स्वतः १९१७ मध्ये चित्रपट कसे तयार होतात यावर छोटी फिल्म केली होती, ती म्हणा.

दादरकरीण: मग आधी ती दाखवा. पण फॅक्टरी बघताना माझ्या सासूबाई रडल्या होत्या, एवढं सांगते.

मुलुंडचा आवाजवाला: अहो, आवाजाचं बघा! कार्लेस सांतोसचं ध्वनिकाम म्हणजे ‘क्वादेकुक’चा अर्धा जीव. लॅपटॉपच्या स्पीकरवर मातेरं होईल. गणपती मंडळाचे स्पीकर मागा, पैसे वाचतील. खिडक्यांना जाड चादरी लावा. आणि जाहीर खेळ असेल तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी आधी.

अंधेरीकर: परत सांगतो, लोक उठून जातील.

लख्खपडदा: विकतच घ्या. पुढे क्रिकेटला होईल.

गिरगावकर: आभार सगळ्यांचे. काल ‘क्वादेकुक’ बघितला. शेवटी ली ड्रॅक्युलाचे खोटे दात काढून ठेवतो आणि कादंबरीतला ड्रॅक्युलाच्या मृत्यूचा भाग वाचतो. अख्ख्या चित्रपटात तेवढंच बोलणं, अंगावर काटा आला. तो जवळून ऐकायलाच हवा, म्हणून हॉल रद्द. घरच्या टीव्हीवर, सात-आठ जणांत, फुकट.

लख्खपडदा: टीव्हीवर? अरेरे!

मुलुंडचा आवाजवाला: स्पीकर तरी मंडळाचा आणा.

गिरगावकर: सांगितलाय. दादरकरीण, सासूबाईंना घेऊन या, नऊ वाजता.