मदत हवी आहे: आई-बाबा आणि लहान मुलासह निक्कोची एक दिवसाची सहल

नमस्कार मंडळी,

आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो. सध्या नाशिकहून आई-बाबा आले आहेत. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांना आणि सहा वर्षांच्या मुलाला घेऊन रेल्वेने निक्कोला जावे आणि रात्रीपर्यंत परतावे, असा बेत आहे.

प्रवासाचे बहुतेक ठरले आहे. निहोनबाशीला मेट्रो बदलून असाकुसा गाठायचे आणि तिथून तोबू रेल्वेची जलद गाडी धरायची, म्हणजे दोन तासांच्या आत निक्को. उत्सुनोमियापर्यंत शिंकानसेन (बुलेट ट्रेन) आणि पुढे जेआरची (जपान रेल्वेची) लोकल हा पर्याय आम्हाला महाग पडतो.

खरा प्रश्न तोशोगू देवस्थानाचा आहे. आई सपाटीवर तासभर सहज चालते, पण पायऱ्या उतरताना तिचे गुडघे दुखतात आणि कठडा लागतो. तीन माकडांचे कोरीवकाम घोड्यांच्या पागेवर, आत शिरल्यावर लवकरच दिसते, त्यामुळे चिरंजीवांची हौस भागेल. झोपलेल्या मांजराचे कोरीवकाम असलेल्या दारातून शोगुन (जपानचा लष्करी शासक) तोकुगावा इएयासूच्या समाधीकडे जाणाऱ्या २०७ पायऱ्या आईसाठी आम्ही सोडूनच दिल्या आहेत. तिथे बाबा नातवाला घेऊन जातील. मात्र इएयासूचा नातू इएमित्सू याने १६३६ साली देवस्थान नव्याने उभारले, तेव्हाचा तो कोरीवकामाने भरलेला योमेइमोन दरवाजा आईने जवळून पाहावा अशी माझी फार इच्छा आहे. त्याच्या आधीच्या दगडी पायऱ्यांना धरायला कठडा आहे का, आणि मध्ये कुठे बसता येते का? स्टेशनपासूनचा चढ बसने जाणार आहोत, तर कोणत्या थांब्यावर उतरल्यास पायऱ्या कमीत कमी लागतात?

दुसरा मुद्दा घाटावरच्या चुझेन्जी तळ्याचा. पानांचे रंग पाहायला येणाऱ्यांमुळे इरोहाझाका घाटात गाड्यांची रांग लागते आणि नोव्हेंबरपासून तोशोगू चार वाजताच बंद होते, म्हणून माझ्या मते वर जाऊच नये. बाबांचे म्हणणे असे, की एवढ्या लांब जाऊन त्या तळ्याजवळचा ९७ मीटरचा केगोन धबधबा न पाहता परतायचे म्हणजे काय! गंमत म्हणजे धबधब्याच्या पायथ्याशी उतरायला लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघ्यांची सबबही मला पुढे करता येत नाही. मधल्या वारी, सकाळी लवकर निघून कोणी दोन्ही ठिकाणे ज्येष्ठांसह केली आहेत का? केली असल्यास आधी धबधबा केलात की देवस्थान?

जेवणाचे थोडक्यात विचारतो. युबा, म्हणजे सोयाबीनच्या दुधावरची साय, ही निक्कोची खासियत असली तरी तिच्या रश्शात बहुधा माशाचा अर्क असतो आणि आई-बाबांना तो चालत नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेणारच आहोत. देवस्थानाच्या आवाराबाहेर ते निवांत बसून खाता येईल अशी जागा कोणाला ठाऊक आहे का?