मुंबई–न्यूयॉर्क : विमानात नक्की किती तास? (मदत हवी आहे)

मंडळी, आई-आण्णांना दसरा झाला की बहिणीकडे न्यूयॉर्कला पाठवायचंय. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. आण्णांचे गुडघे धरतात, त्यामुळे त्यांचं एकच, "सलग किती तास बसायचं तेवढं सांग." नेमकं तेच मला सांगता येईना.

नेटवर मुंबई ते जेएफके (न्यूयॉर्कचा विमानतळ) अंतर साधारण १२,५०० किमी दिसतं. ताशी ९०० ने भागलं की चौदा तास. पण थेट विमान रात्री १.३० ला सुटून त्याच तारखेला सकाळी ७.३० ला पोचतं, म्हणजे घड्याळानं सहाच तास! डिसेंबरातलं परतीचं सकाळी ११.३० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० ला मुंबईत. पंचवीस तास. यातलं काय धरायचं? आणि उजळाईवाडीहून (कोल्हापूरच्या विमानतळावरून) मुंबईला विमानानंच न्यावं का?

प्रतिसाद
वेळा त्या त्या गावच्या असतात हो. ऑक्टोबरात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागं, म्हणून जाताना साडेपंधरा तास. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागं घेतात, मग फरक साडेदहाचा. पंचवीसातून तो काढा, येताना साडेचौदा. आण्णांना हे दोनच आकडे सांगा, भागाकार राहू दे.

१२,५०० म्हणजे पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलेलं सगळ्यात जवळचं अंतर. विमान तसं जातंच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तसे वळसे वाढले. वर जेट स्ट्रीमचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतो : जाताना तोंडावर, येताना पाठीवर. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्याचा वेळही धरलेला असतो.

प्रतिसाद
भावा, मुंबईपर्यंतचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर जपून. ते रद्द झालं आणि पुढचं चुकलं, तर पुढची कंपनी बघत नाही. एकाच तिकिटावर मिळत असेल तर प्रश्न नाही. हायवेला कागल–सातारा सहापदरीचं काम, त्यामुळं गाडीचा भरवसा मी तरी धरणार नाही. सकाळची कोयना एक्सप्रेस रात्री दादरला सोडते, पण १.३० च्या विमानाला तीन तास आधी पोचायचं म्हटल्यावर गाडी लेट झाली की धावपळ. त्यापेक्षा आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरा आणि दिवसभर मुंबईत कुणाकडं तरी विश्रांती घेऊ दे.

मूळ प्रश्नकर्ता
ठाण्यात मावशी आहे, तिथं सोय होईल. पण साडेपंधरा तास गुडघ्यांचं काय करायचं?

प्रतिसाद
बुकिंग करतानाच वाटेकडेची सीट घ्या, म्हणजे कुणाला न उठवता फेऱ्या मारता येतील. व्हीलचेअर आत्ताच नोंदवा, विमानतळावरचं लांबचं चालणं वाचतं. आण्णा नको म्हणतील, तरी नोंदवा. आणि गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.